खाड्याची किंमत

भुसावळहून तापी ओलांडून यावलच्या वाटेला लागले की दोन्ही अंगांनी केळीच्या बागा सुरू होतात. समोर सातपुडा. या बागांत घड कापणाऱ्या, वाहणाऱ्या आणि गाडीत भरणाऱ्या मजुरांच्या टोळ्या पहाटेपासून राबतात. ज्या दिवशी काम केले त्या दिवसाचे पैसे. नाही केले तर खाडा. गावाच्या कबड्डी संघातला दणकट चढाईपटू बहुधा अशाच घरातला असतो. दोन गावे पलीकडे स्पर्धा लागली की चढाईचा विचार नंतर येतो, आधी खाड्याचा हिशेब होतो.

खेळाच्या इतिहासात विजेत्यांची नावे असतात, चषकांची वर्षे असतात. हा हिशेब मात्र क्वचितच लिहिला जातो. कष्टकऱ्यांचा खेळ कुठवर जाईल, हे त्यांच्या बुडालेल्या रोजाचे पैसे कोण भरून देतो यावर ठरत आले आहे. या प्रश्नावरचे सर्वांत गाजलेले भांडण उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांत झाले. त्यातून रग्बी लीग नावाचा व्यावसायिक खेळ जन्माला आला. महाराष्ट्रात तोच प्रश्न कबड्डीपुढे उभा राहिला आणि इथे त्याचे उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

त्या गिरणगावांशी खानदेशाचे नाते जुने आहे. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथल्या दक्षिणी राज्यांतून लँकशायरला जाणारा कापूस थांबला. गिरण्या बंद पडू लागल्या, कामगार उपाशी राहिले, आणि व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानाकडे मोर्चा वळवला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथल्या कापसाला तिकडे ‘सुरती’ या एकाच नावाने ओळखत. त्याचा धागा आखूड, त्यात कचरा जास्त, मागावर तो सारखा तुटे. कापडाच्या नगावर मजुरी मिळणाऱ्या विणकराला धागा तुटणे म्हणजे मजुरी तुटणे होते. म्हणून तो या कापसाला शिव्या घाले आणि नाइलाजाने विणत राही. इकडे भाव चढले, खानदेशातल्या शेतकऱ्याच्या हातात काही वर्षे पैसा खेळला. 1865 च्या आरंभी थळ घाटातला लोहमार्ग खुला झाला आणि भुसावळकडच्या गाड्या थेट मुंबई बंदराला जोडल्या गेल्या. त्याच वर्षी अमेरिकेतले युद्ध संपले आणि भाव कोसळले. ज्या बाजाराने इथला शेतकरी वर उचलला आणि खाली टाकला, त्याच बाजाराच्या दुसऱ्या टोकाला लँकशायरचा गिरणी कामगार होता.

लँकशायरमध्ये कापूस, शेजारच्या यॉर्कशायरमध्ये लोकर, आणि दोन्हीकडे कोळशाच्या खाणी. 1850 च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या स्त्रिया आणि मुलांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबले. त्यांच्याशिवाय गिरणी चालत नसल्याने हळूहळू पुरुषांनाही शनिवारची दुपार मोकळी मिळू लागली. त्या दुपारींत फुटबॉल आणि रग्बी हे खेळ वाढले. रग्बी मुळात श्रीमंतांच्या निवासी शाळांचा खेळ. तो उत्तरेला आला तेव्हा विणकर, खाणमजूर आणि गोदी कामगारांनी तो आपलासा केला. गावागावांत क्लब निघाले, तिकीट काढून हजारो लोक सामने पाहू लागले.

अडचण होती ती शनिवारच्या सकाळची. दूरच्या गावी सामना असला की खेळाडूला सकाळीच गाडी पकडावी लागे. म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. सामन्यात हात मोडला तर पुढचे कित्येक आठवडे गेले. लंडनचा वकील किंवा जमीनदाराचा मुलगा खेळायला गेला तर त्याचे काहीच बुडत नसे. रग्बीची सूत्रे याच लोकांच्या हाती होती आणि त्यांचा नियम स्पष्ट होता: खेळासाठी एक पैसाही घ्यायचा नाही. कागदावर हा नियम सर्वांना सारखा होता. प्रत्यक्षात तो एका वर्गाला फुकट पडत होता आणि दुसऱ्याला दर शनिवारी महागात.

सप्टेंबर 1893 मध्ये रग्बी संघटनेच्या लंडनमधल्या सर्वसाधारण सभेत यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी ठराव मांडला, की खेळामुळे खेळाडूची जेवढी मजुरी खरोखर बुडेल तेवढी भरून देण्याची परवानगी असावी. पगाराची मागणी कुणी केलीच नव्हती. ठराव 282 विरुद्ध 136 मतांनी फेटाळला गेला. दोन वर्षे धुसफुस चालली. शेवटी 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना स्थापन केली. बुडालेल्या दिवसाबद्दल खेळाडूला 6 शिलिंगांपर्यंत रक्कम देता येईल, असा नियम त्यांनी केला. 1898 मध्ये उघड मोबदल्याला मान्यता मिळाली. अट एवढीच की खेळाडूला खेळाबाहेर खरीखुरी नोकरी असली पाहिजे.

मोबदला द्यायचा तर तिकिटे खपली पाहिजेत, म्हणून खेळही बदलला. 1906 मध्ये संघातले खेळाडू 15 वरून 13 करण्यात आले. धावायला जागा मोकळी झाली. चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडले की त्याने उठायचे, चेंडू पायाने पुन्हा खेळात आणायचा आणि खेळ पुढे चालू, असा नियम आला. माणसांच्या ढिगाऱ्यात चेंडू हरवून बसणे संपले आणि धाव, पकड, सुटका, पुन्हा धाव अशी लय आली. 1922 मध्ये या खेळाला रग्बी लीग हे नाव मिळाले; बिनमोबदल्याचा जुना खेळ रग्बी युनियन म्हणून ओळखला जाई.

या खेळाने माणसाला काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले, हे बिली बॉस्टनच्या आयुष्यात दिसते. त्याचा जन्म 1934 सालचा, वेल्समधल्या कार्डिफच्या बंदरवस्तीतला. वडील सिएरा लिओनहून आलेले खलाशी, आई आयरिश वंशाची, घरात 11 भावंडे. मुलाचे स्वप्न होते कार्डिफच्या रग्बी युनियन क्लबकडून खेळायचे. कार्डिफचे बोलावणे कधी आले नाही. त्या काळी वेल्समध्ये काळ्या मुलाला वरच्या संघाचे दार सहसा उघडत नसे. 1953 मध्ये लँकशायरच्या विगन या कोळशाच्या आणि कापसाच्या गावाने त्याच्यापुढे 3,000 पौंड ठेवले. अशा घराला ही रक्कम नाकारणे शक्य नव्हते. पण सही करताच रग्बी युनियन त्याला कायमची बंद झाली, कारण पैसे घेणाऱ्याला तिथे परतीची वाट नव्हती.

विगनच्या पहिल्या संघातून अवघे सहा सामने खेळल्यावर 1954 च्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दौऱ्यासाठी ग्रेट ब्रिटनच्या संघात त्याची निवड झाली. असा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्या दौऱ्यावर त्याने 18 सामन्यांत 36 ट्राय केले. प्रतिस्पर्ध्यांच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे म्हणजे ट्राय. तो कडेने खेळे, अंगाने भरलेला आणि तरीही वेगवान. कडेच्या खेळाडूत या दोन्ही गोष्टी एकत्र सहसा सापडत नाहीत. 1957 मध्ये ऑस्ट्रेलियातली विश्वचषक स्पर्धा संपवून संघ प्रदर्शनीय सामन्यांसाठी दक्षिण आफ्रिकेत गेला. तिथे वर्णभेदाचे राज्य होते. सहकारी तिकडे गेले आणि बॉस्टन एकटा घरी परतला. विगनसाठी त्याने 488 सामन्यांत 478 ट्राय केले, सगळ्या कारकिर्दीत मिळून 571. खेळ थांबवल्यावर त्याने विगनमध्येच मैदानाजवळ मद्यगृह चालवले. ज्यांच्या पैशांतून त्याचा मोबदला निघाला, त्याच लोकांत तो राहिला आणि म्हातारा झाला. 2025 मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. खेळाच्या 130 वर्षांच्या इतिहासात रग्बी लीगच्या खेळाडूला मिळालेला हा पहिला. युनियनच्या आणि क्रिकेटच्या वाट्याला असे किताब कितीतरी आधीपासून येत होते.

आता आपल्या मातीकडे. कबड्डीला चेंडू लागत नाही, बूट लागत नाहीत. आखलेली जागा आणि दम पुरतो. महाराष्ट्रात ती हुतुतू म्हणून खेळली जाई, दक्षिणेत चेडुगुडू, बंगालात हाडुडू. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पुणे, सातारा आणि बडोदे इथल्या कार्यकर्त्यांनी तिला नियमांत बसवले. 1923 मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा भरवली. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिचे प्रात्यक्षिक जगाला दाखवले. 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, 1952 मध्ये मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी आयुष्य वेचून हा खेळ देशभर आणि आशियात नेला. त्यांचा 15 जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो.

या सगळ्या उभारणीत खेळाडूच्या पोटाची सोय कुणी केली? आरंभी कुणीच नाही. मुंबईच्या लालबाग, परळ, डिलाईल रोडवरची मंडळे आणि व्यायामशाळा गिरणी कामगारांच्या बळावर उभ्या होत्या. कोकणातून, घाटावरून, खानदेशातून आलेली माणसे पाळी संपवून मैदानात उतरत. वर्गणी मंडळाची, ढाल मंडळाची, गुडघा मात्र खेळाडूचा स्वतःचा. खानदेशातही जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथे गिरण्या होत्या. भोंगा, पाळी आणि हजेरीपट यांवर चालणारे आयुष्य इथल्या लोकांनाही ठाऊक होते. विगन आणि लालबाग यांत खेळाडूंचा वर्ग एक, काम एक, प्रेक्षकांची गर्दीही तशीच. फरक एवढाच की विगनच्या क्लबाने तिकिटाच्या पैशांतून खाडा भरून दिला; आपल्याकडे तिकिटाऐवजी टाळ्या होत्या, आणि पैसे मागणे हे खेळाच्या पावित्र्याला धरून नाही, ही समजूत पक्की होती.

महाराष्ट्राने यातून स्वतःची वाट काढली ती नोकरीची. बँका, रेल्वे, मुंबई बंदर, पोलीस दल, पेट्रोलियम कंपन्या आणि खासगी कारखाने यांनी आपापले कबड्डी संघ बांधले. खेळाडू कागदोपत्री कारकून, फिटर किंवा शिपाई असे. स्पर्धेच्या काळात त्याला भरपगारी रजा मिळे, सरावासाठी सवलत मिळे. खेळाचे पैसे न देता खाड्याचे पैसे देण्याची ही रीत म्हणजे हडर्सफील्डचाच नियम, फक्त आस्थापनेच्या हजेरीपटातून अमलात आलेला. पुढे राज्य शासनानेही आपल्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखल्या. भुसावळ हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय असल्याने खेळाच्या जोरावर रेल्वेत लागणे ही यावल, रावेर, भुसावळच्या घरांना कळणारी महत्त्वाकांक्षा राहिली आहे. पदकापेक्षा पक्का पगार आईवडिलांना जास्त पटतो, आणि त्यात काही चूक नाही.

या पद्धतीने महाराष्ट्राला थोर खेळाडू दिले. 1972 चा अर्जुन पुरस्कार सदानंद शेट्ये यांच्या रूपाने कबड्डीत आला. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले आणि भारताने सुवर्ण जिंकले. पण नोकरीच्या वाटेला दोन मर्यादा होत्या. संघ बांधणाऱ्या बहुतेक आस्थापना मुंबई-पुण्यात होत्या. दूरच्या तालुक्यातल्या मुलाला आधी तिथवर पोहोचावे लागे, आणि तो प्रवास पुन्हा खाड्यांचाच असे. दुसरे म्हणजे उद्योग बुडाला की संघही बुडे. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे राहिले नाही. खानदेशातल्या गिरण्याही एकामागून एक थंडावल्या. ज्यांच्या पगारावर मंडळे चालत ती घरेच विस्कटली.

उघड मोबदल्याची वाट त्यानंतर खुली झाली. 26 जुलै 2014 रोजी मुंबईत, संघ लिलावात बोली लावून खेळाडू घेतात त्या प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. मुंबईच्या यू मुंबा संघाने जयपूरला 45-31 असे हरवले. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, 12 लाख 80 हजार रुपये. चारच वर्षांनी, 2018 मध्ये, सहा खेळाडूंनी कोटीचा आकडा गाठला. त्यांत मुंबईचा रिशांक देवाडिगा 1 कोटी 11 लाखांवर गेला. त्याच वर्षाच्या आरंभी त्याच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबादला सेनादलाला नमवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद परत आणले होते.

कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड तालुका आहे, त्यात हुंदळेवाडी नावाचे गाव. तिथल्या शेतकरी घरातला सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबाकडून लीगमध्ये उतरला तेव्हा त्याची बोली 36 लाख 40 हजारांची होती. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे 218 गुण मिळवले. उंच, लांब हातांचा, आणि चार-पाच जण अंगावर असताना त्यांना ओढत मध्यरेषेकडे येण्याची ताकद असलेला हा खेळाडू. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाखांना घेतले. त्या लिलावातली ती सर्वोच्च बोली होती. थोरला भाऊ सूरजही त्याच संघात आला. मग खांद्याची दुखापत झाली आणि एक हंगाम जवळजवळ पुरता गेला. त्यानंतर त्याने संघही बदलले. बॉस्टनने एका गावात पंधरा वर्षे काढली. लिलावाच्या खेळात खेळाडूचे गाव दर काही हंगामांनी बदलते, आणि एक खांदा निखळला की त्याची बाजारातली किंमत बदलते. तरीही शेतकऱ्याच्या मुलाने आपल्या अंगमेहनतीचा दाम जाहीरपणे, अभिमानाने घेतला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. महाराष्ट्रात हे होऊ शकेल असे त्याच्या आधीच्या पिढीने मनातही आणले नव्हते.

मुलींच्या वाट्याला मात्र हे आलेले नाही. 2012 मध्ये पाटण्याला पहिला महिला विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघातल्या दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघींना राज्य शासनाने प्रत्येकी 1 कोटी रुपये दिले. तो गौरव होता आणि तो योग्यच होता. पण बक्षीस एकदा मिळते, रोज दररोज लागतो. प्रो कबड्डीबरोबर 2016 मध्ये महिलांची तीन संघांची एक छोटी स्पर्धा भरली आणि तिथेच थांबली. खानदेशात शेतावर जाणाऱ्या बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी असते. म्हणजे तिचा खाडा भरून काढायला कमी पैसे लागतात, तरी तो भरून देणारे कुणी पुढे येत नाही.

रग्बी युनियनने ऑगस्ट 1995 मध्ये खेळाडूंना मोबदला देण्यास मान्यता दिली. 1895 च्या ऑगस्टपासून ऑगस्टपर्यंत मोजली तर बरोबर शंभर वर्षे. जॉर्ज हॉटेलात जमलेल्या लोकांचे म्हणणे खरे होते, हे मान्य करायला सत्ताधाऱ्यांना एक शतक लागले. त्या शतकात किती विणकरांनी, किती खाणमजुरांनी खेळ सोडला असेल, त्याची नोंद कुठे असणार? लालबागमधल्या आणि जळगावातल्या ज्या पोरांनी पाळी चुकू नये म्हणून मैदान सोडले, त्यांचीही नोंद नाही. आपल्याला दिसतात ते उरलेले.

म्हणून लिलावातले कोटींचे आकडे पाहून आपण समाधान मानू नये. लीगमध्ये पोहोचलेल्या मुलाची सोय झाली आहे. प्रश्न त्याच्या आधीच्या पाच-सहा वर्षांचा आहे, जेव्हा मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असतो, घरात त्याच्या हाताची गरज असते आणि जिल्हा संघाचा सराव आठवडाभर चालणार असतो. मातीवर वाढलेल्या या मुलाला मॅट पहिल्यांदा दिसते ती बहुधा निवड चाचणीत. बूट घालून मॅटवर पाय रोवण्याची सवय नसते, आणि तिथेच गुडघा जातो. त्या गुडघ्याचा खर्च घरच्यांनाच करावा लागतो.

मोठमोठ्या योजनांची यासाठी गरज नाही. तालुका आणि जिल्हा संघाच्या सरावात जो मुलगा किंवा जी मुलगी येईल, त्याला किंवा तिला त्या भागात चालू असलेल्या मजुरीइतका भत्ता रोजच्या रोज मिळावा. दुखापतीचा विमा संघाच्या प्रवेश अर्जासोबतच उतरवला जावा. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी सरावाला एक मॅट असावी. बाजार समित्या, साखर कारखाने, केळीचे मोठे व्यापारी आणि जिल्हा परिषद यांनी मिळून उचलावा एवढाच हा भार आहे. गणपती आणि यात्रांच्या काळात एका संध्याकाळच्या बक्षिसांवर जो पैसा उधळला जातो, त्याचा काही भाग वर्षभराच्या सरावाकडे वळवला तरी पुष्कळ साधेल. हडर्सफील्डच्या क्लबांकडे 1895 मध्ये राजाश्रय नव्हता, सरकारी अनुदान नव्हते. गावाने तिकिटे काढली आणि गावाच्या पोराला दिवसाचे 6 शिलिंग मिळाले. यावल तालुक्याला तेवढी ऐपत नक्कीच आहे. खेळाडूला आधी त्याचा रोज द्या. पुढचा दाम तो स्वतःच्या दमावर मिळवेल.